खिद्रापूरला गेलात तर आधी हत्ती बघा

नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शन, मग बासुंदी, आणि वेळ उरला तर कोल्हापूर जिल्ह्यातलंच खिद्रापूर. बहुतेक सहलींत तिथल्या कोपेश्वराच्या, म्हणजे महादेवाच्या जुन्या देवळाच्या, वाट्याला एवढंच येतं. माणसं थेट स्वर्गमंडपात, म्हणजे देवळाच्या पुढच्या, छताला मधोमध उघडं ठेवलेल्या मंडपात शिरतात, वरच्या गोल झरोक्यातलं आभाळ मोबाईलमध्ये घेतात, रंगशिलेवर आडवं पडून रील करतात, महादेवाला हात जोडतात आणि गाडीत बसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

स्वर्गमंडप अप्रतिम आहे, वादच नाही. 48 खांब, त्यातल्या 12 खांबांचं आतलं कडं, वर साधारण 13 फूट व्यासाचा उघडा झरोका आणि बरोबर त्याच्याखाली गोल एकसंध शिळा, तीच रंगशिला. काळ्या पाषाणाचे ते खांब चौकोनी सुरू होऊन कधी अष्टकोनी, कधी गोल होतात, आणि घोटून इतके गुळगुळीत केलेत की हात ठेवावासा वाटतो. (ठेवू नका.) कार्तिकेय, वाहनांवर बसलेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे रखवालदार देव, सगळे वर आहेत.

पण हे देऊळ उमगतं ते बाहेरून. आत जायच्या आधी एक सावकाश प्रदक्षिणा घाला आणि नजर खाली ठेवा. पायथ्याशी हत्तींची रांगच्या रांग आहे, पाठीवर देवदेवता बसलेल्या. अख्ख्या देवळाचा भार त्यांनीच पेललाय असं वाटावं, अशी ती मांडणी. कित्येकांच्या सोंडा तुटल्यात, स्वारांचे चेहरे फुटलेत. तरी प्रत्येक हत्ती वेगळा घडवलाय, अंगावरचे दागिने वेगळे. एकेकापाशी थांबलात तर तास कसा गेला कळणार नाही. त्याच्या वर भिंत कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते, आणि ऊन सरकेल तशी नवीन मूर्ती उजेडात येते. म्हणून सकाळी जावं, घाई न करता.

मग दक्षिण दाराजवळचा शिलालेख शोधा. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा, शके 1136 चा, म्हणजे इसवी सन 1213-14 चा. भाषा संस्कृत, लिपी देवनागरी. कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. आवारातले इतर बरेच लेख कन्नड. शिलाहार राजांनी उभारलेलं, यादवांनी सांभाळलेलं, दोन्ही भाषांनी जपलेलं हे देऊळ आहे. त्या लेखाचं आजच्या मराठीतलं भाषांतर तिथेच, लहान मुलांनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात असायला हवं. गावातल्या पोरांना नीट शिकवून माहितगार म्हणून उभं केलं, तर पाहुणेही थांबतील आणि पोरांना रोजगारही मिळेल. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची एक सहल इथे यावी, असं मला कळकळीनं वाटतं.

आत गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. वडील दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला, महादेव कोपले, त्यांना शांत करायला विष्णू आले, तेच धोपेश्वर, अशी इथली कथा. नंदी मात्र कुठेच दिसणार नाही. सती त्याच्यावर बसून माहेरी गेली, म्हणून तो कर्नाटकातल्या यडूरला आहे, असं इथले लोक सांगतात. हातात वेळ असेल तर त्याच दिवशी यडूरही करा. आणि जाताना मुलांना ही गोष्ट गाडीतच सांगा, म्हणजे तिथे पोचल्यावर ती नंदीला आपणहून शोधतील.