उतार कुठाय?

परवा जेवायला आलेल्या मंडळींसमोर सासरेबुवा श्रीखंड चाटत म्हणाले, "जावईबापूंनी बाथरूम झकास केलंय हो, फक्त उतार द्यायचा राहिला." सगळे हसले. एकाने तर माझं सांत्वन केलं, "होतं असं."

काय होतं असं? न्यू जर्सीतल्या लाकडी घरात बाथरूमच्या जमिनीला उतार नसतोच. मोरी नाही, जाळी नाही, आंघोळ टबात. मी बसवल्या त्या व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या) टाइल्सना तर उलट सपाटीच हवी. १० फुटांत ३/१६ इंचापेक्षा, म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटरपेक्षा, जास्त चढउतार चालत नाही.

पण सासरेबुवा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मी कमोड उचलून ड्रेनच्या पाइपात चिंधी कोंबली (नाहीतर गटाराचा वायू घरभर), तेव्हाच त्यांनी दारात खुर्ची टाकली.

"खाली हे काय, प्लायवूड?"

"हो, बाबा."

"बाथरूमला?"

"इथे असंच असतं. पाणी जमिनीवर पडत नाही."

"आणि पडलं तर?"

"पुसायचं."

"कुणी?"

यावर मी गप्प. पुढे मी जमिनीला पॅच (खळगे बुजवायचा लेप) मारून, घासून, व्हॅक्यूम केल्यावर त्यांनी नातवाची गोटी मागवली आणि तिच्यावर ठेवली. गोटी हलेना. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. तिथेही ढिम्म. मी कौतुकाची वाट पाहत उभा.

"बघा," ते म्हणाले, "जागची हलत नाही. पाणी तुंबणार."

त्या जमिनीखाली काय काय गाडलंय, हे कोण विचारतो? कमोडची वॅक्स रिंग (कमोड आणि पाइप यांच्यामधली मेणाची कडी) गळत असली तर वरून काही दिसत नाही, आतलं लाकूड मात्र कुजत जातं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर पेढ्यात बोट जावं तसा आत गेला. असला भाग वरून झाकून भागत नाही. तो जॉइस्टच्या, म्हणजे जमिनीखालच्या लाकडी तुळईच्या, मध्यापर्यंत कापायचा, म्हणजे नव्या तुकड्याला टेकायला जागा राहते. जिथे जॉइस्ट नाही तिथे टू-बाय-फोर (लाकडी दांडका) ठोकून आधार द्यायचा. नवा तुकडा जुन्याच जाडीचा हवा. वर पाव इंची अंडरलेमेंट प्लाय (टाइलखालचा सपाट थर), त्याचे जोड खालच्या जोडांवर न आणता. खिळे कंगोऱ्यांचे, कडेने ३ इंचांवर, मध्ये ६ इंचांवर. गुळगुळीत खिळा काही दिवसांनी डोकं वर काढतो. आणि व्हिनाइल महाचहाडखोर! खिळ्याचं डोकं, पॅचवरचा ओरखडा, वाळूचा एक कण, सगळं काही दिवसांत वर उमटवतं. जुनी नऊ इंची टाइल सापडली तर मात्र घासायची नाही, तिच्यात फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्यायची.

एवढं करून फ्लॅंज, म्हणजे पाइपाच्या तोंडावरची कमोड बसवायची चकती, बघायचीच. ती तयार जमिनीच्या वर टेकायला हवी. प्लाय आणि टाइल चढली की ती खाली राहते, मग वॅक्स रिंग नीट दाबली जात नाही आणि गळती पुन्हा सुरू. फ्लॅंजवर एक्स्टेंडर रिंग (उंची वाढवणारी कडी) चढवली की काम भागतं. पाहुण्यांपैकी कुणी फ्लॅंजबद्दल अवाक्षर काढलं? नाही. उतार तेवढा सगळ्यांना कळतो.

आता वरच्या मजल्यावरचं बाथरूम काढायचंय. सासरेबुवांनी व्हिसा वाढवून मिळतो का, याची चौकशी सुरू केली आहे.