ताम्हन, समई आणि दहावीचे रसायनशास्त्र

गणेश चतुर्थी आमच्या घरी पंचांगातल्या तिथीच्या आठवडाभर आधी येते आणि ती माळ्यावरून, गोणपाटात बांधलेल्या अवस्थेत येते. गोणपाट सोडले की ताम्हन, पळी-पंचपात्र, घंगाळ, पितळी परात, दोन समया, तांब्याचे कलश आणि जुन्या धोतराच्या फडक्यात वेगळी गुंडाळलेली चांदीची निरांजने असा सारा परिवार स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडला जातो. वर्षभर अंधारात बसून त्याने धारण केलेला वर्ण पाहून आमच्या मातोश्री दरवर्षी एकच वाक्य उच्चारतात, "गेल्या वर्षी नीट पुसून ठेवली नव्हतीस." मखर पत्नीकडे, मोदक आईकडे आणि भांडी माझ्याकडे ही वाटणी कोणी व केव्हा केली याची कोठेही नोंद नाही, परंतु तिच्याविरुद्ध अपील चालत नाही एवढे मला ठाऊक आहे.

यंदा या कामाला एक पर्यवेक्षक लाभला. चिरंजीव दहावीत गेले असून त्यांच्या शिकवणीत सध्या धातुविज्ञान चालू आहे. दहावीच्या मुलाने घरकामाला हात लावायचा नाही, हा महाराष्ट्रातील अलिखित कायदा आहे. मात्र दुसऱ्याच्या कामावर भाष्य करण्यास त्यात कोणतीही आडकाठी नसल्यामुळे ते खुर्ची ओढून, पाठ्यपुस्तक मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसले.

मी लिंबाची फोड मिठात बुडवून ताम्हनावर फिरवू लागलो. हे काम सुरुवातीला फार सुखाचे वाटते, हे मान्य केलेच पाहिजे. फोड जिथून जाते तिथला काळपट तपकिरी थर डोळ्यांदेखत विरतो, खालून कोवळे गुलाबी तांबे उघडे पडते आणि कडेने वाहणारा रस हळूहळू हिरवट होत जातो. ताम्हनाच्या काठाखालच्या खोबणीत, जिथे गेल्या वर्षीचे पाणी साचून राहिले होते, तिथे मात्र हिरवा कळंक घट्ट बसला होता आणि त्याच्यावर लिंबू पिळताच बारीक बुडबुडे फुटू लागले.

"बाबा, तू तांबं घासत नाहीयेस," चिरंजीव म्हणाले. "काळं आहे ते कॉपर ऑक्साइड. ते आम्लारीधर्मी. तुझं लिंबू आम्ल. दोघं मिळून क्षार आणि पाणी. हिरवं आहे ते कॉपर कार्बोनेट, म्हणून तिथे कार्बन डायऑक्साइड निघतोय. घासायची खरं तर गरजच नाही."

"मग न घासता तूच करून दाखव."

"मला याचं समीकरण संतुलित करायचंय," असे म्हणून त्यांनी पेन्सिल उचलली.

समीकरण संतुलित होईपर्यंत मी ताम्हनाची दुसरी बाजू संपवली होती. लिंबाचे आम्ल थर खाते, पण खालचे तांबे का खात नाही, याचेही उत्तर त्या पुस्तकात होते. धातूंची एक अभिक्रियाशीलता श्रेणी असते. तिच्यात पोटॅशियम आणि सोडियम सर्वांत वर बसतात, मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथिल, शिसे असे उतरत जावे, मध्ये हायड्रोजनला पाहुणा म्हणून जागा द्यावी आणि त्याच्या खाली तांबे, पारा, चांदी व तळाशी सोने. लग्नातल्या मानपानाच्या यादीसारखीच ही यादी दिसते. फरक इतकाच की तिथे वरच्या क्रमांकाचा माणूस जागचा हलत नाही आणि इथे वरच्या क्रमांकाचा धातू सर्वांत आधी उठून जातो. हायड्रोजनच्या वरचे धातू सौम्य आम्लातून हायड्रोजनला हुसकावून स्वतः विरघळतात. खालचे ढिम्म राहतात. तांबे खाली आहे, म्हणून ताम्हन शाबूत राहते. मी हे सारे ऐकून घेतले. एव्हाना तेच सौम्य आम्ल माझ्या अंगठ्याच्या चिरेत शिरले होते आणि मी कोणत्या श्रेणीत कितवा आहे याचा खुलासा पुस्तकात नव्हता.

अशा वेळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर चमत्कारिक मिश्रणाची एखादी चित्रफीत न आली तरच नवल. सौभाग्यवतींनी ती दाखवली. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळायचे, फसफसून फेस आला की त्यात भांडी टाकायची आणि "कोपराला न दुखवता" चकचकीत बाहेर काढायची. आम्ही परातभर फेस केला. फेस अतिशय प्रेक्षणीय होता. तो विरल्यावर घंगाळ बाहेर काढले तेव्हा ते पूर्वीइतकेच काळे असून शिवाय ओले झालेले होते. या प्रसंगी मात्र चिरंजीवांचे शास्त्र निर्दोष ठरले: सोडा आणि आम्ल यांनी एकमेकांचे उदासिनीकरण केले, त्यातून क्षार, पाणी व कार्बन डायऑक्साइड झाले आणि भांड्यापर्यंत पोहोचायला दोघांपैकी कोणीच उरले नाही. माझ्या मते या देशात दर सणाला जेवढे लिंबू आणि सोडा अशा रीतीने परस्परांच्या गळ्यात पडून वाया जातात, तेवढ्यात एखाद्या गावाचे सरबत सहज होईल. पूर्वीच्या बायका राख आणि चिंच दोन्ही वापरीत, पण एकत्र नव्हे. राख अल्कधर्मी, ती ओशटपणा काढायला. चिंच आम्लधर्मी, ती डाग काढायला. आणि मध्ये स्वच्छ पाण्याने विसळणे. आईने हे ऐकून, "मग मी काय वेगळं सांगत होते?" असे विचारले. ती गेली अनेक वर्षे खरोखर हेच सांगत होती.

उदासिनीकरणावरून गाडी सामूवर, म्हणजे इंग्रजीतल्या पीएचवर, आली. ० ते १४ अशी ती मोजपट्टी. सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी आणि प्रत्येक अंकाला दहापट फरक. ही कल्पना १९०९ साली सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली आणि ही प्रयोगशाळा एका बिअरच्या कारखान्याची होती, हेही चिरंजीवांनी उत्साहाने सांगितले. ते सांगायला नको होते. दारूच्या कारखान्यात निघालेले मोजमाप गणपतीच्या भांड्यांना लावायचे नाही, असा फतवा आईने तत्काळ काढला. त्यावर चिरंजीवांनी देशी दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा पदार्थ, शोधला. कुंडीतल्या जास्वंदीची लाल फुले त्यांनी गरम पाण्यात उकळली आणि तो अर्क वाट्यांत घालून प्रयोग मांडला. चिंचेच्या कोळात तो गडद गुलाबी झाला, साबणाच्या पाण्यात हिरवा झाला, आणि ही फुले चतुर्थीच्या पूजेसाठी राखून ठेवलेली होती असे लक्षात आल्यावर सौभाग्यवतींचा चेहरा कोणत्याही दर्शकाच्या मदतीशिवाय वाचता येईल असा झाला.

शेजारच्या काकांनी दारातूनच सल्ला दिला की, कशाला इतके घासता, न्हाणीघर धुण्याचे ॲसिड ओता, मिनिटात लख्ख होईल. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते सांडले तर आमची शहाबादी फरशीही फसफसेल, कारण ती चुनखडीची. त्याच हाताने कोणी ब्लीच ओतले तर क्लोरीन बाहेर पडेल, जो १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीवर शत्रूवर सोडण्यात आला होता. चिरंजीवांनी हे सांगताच काका आपल्या घरी गेले. दहावीच्या अभ्यासक्रमाचा मला झालेला हा पहिला प्रत्यक्ष लाभ.

दुसरा लाभ चांदीच्या बाबतीत झाला आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. घासले की तो थर जातो खरा, पण त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. चिरंजीवांनी पातेल्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद अंथरला, वर निरांजने अशी ठेवली की ती कागदाला टेकतील, सोडा आणि मीठ घातले व वरून उकळते पाणी ओतले. क्षणभरात कुजक्या अंड्यासारखा किंचित वास सुटला, आईने पदर नाकाला लावला, आणि आमच्यासमोर निरांजनाच्या कडेचा काळा रंग आक्रसत जाऊन पांढरी चांदी वर आली. ॲल्युमिनियम श्रेणीत बरेच वर आहे, ते इलेक्ट्रॉन देऊन टाकते. म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होते. ते इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांना मिळतात. म्हणजे त्यांचे क्षपण होते. थरात अडकलेली चांदी पुन्हा निरांजनालाच परत मिळते. एकाने गमावल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून याला रेडॉक्स म्हणतात. कागद मळकट आणि निस्तेज होऊन पडला होता. त्याच्याकडे पाहून मला जे वाटले ते मी बोलून दाखवले नाही.

आई मात्र साशंकच राहिली. दागिने उजळून देतो म्हणून दारावर येणाऱ्या भामट्यांच्या हकिकती तिने वाचलेल्या आहेत. सोने श्रेणीत सर्वांत तळाशी, साध्या आम्लाला ते दाद देत नाही. म्हणून हे लोक आम्लराज वापरतात. एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या त्या मिश्रणात बांगडी बुडवली की ती उजळते आणि हलकीही होते, आणि जे हलके झाले ते भामट्याबरोबर जिना उतरते. तेव्हा निरांजने वजनाला गेल्या वर्षीइतकीच आहेत ना, हे तिने तळहातावर तोलून पाहिले आणि मगच ती देवघरात नेली.

या यशाने चिरंजीवांना चेव आला. पितळेच्या समया घासायच्याच नाहीत, त्या रात्रभर चिंचेच्या दाट कोळात बुडवून ठेवायच्या, सकाळी नुसत्या विसळायच्या, असे त्यांनी जाहीर केले. मी विरोध केला नाही. माझा अंगठा माझ्या वतीने बोलत होता. सकाळी समया बाहेर निघाल्या तेव्हा काळेपणाचा मागमूस नव्हता, परंतु त्या पिवळ्याही नव्हत्या. त्या गुलाबी झाल्या होत्या, आणि तेही सारख्या नव्हे. जिथे कोळ दाट बसला होता तिथे मोठाले चट्टे उठले होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण ते आदल्याच दिवशी शिकवून झाले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त हायड्रोजनच्या वर, तांबे खाली. रात्रभर आम्ल मिळाल्यावर पृष्ठभागावरचे जस्त यादीतल्या क्रमाप्रमाणे उठून गेले आणि मागे उरले तांबे. आईने चष्मा लावून समई फिरवून पाहिली.

"पितळेची दिली होती," ती म्हणाली, "तांब्याची कधी झाली?"

"आजी, फक्त वरचा पातळ थर आहे. तो घासला की खालचं पितळ येईल."

"मग घास."

अशा रीतीने दहावीचा अलिखित कायदा आमच्या घरी तात्पुरता स्थगित झाला. चिरंजीव फरशीवर मांडी घालून बसले, पीतांबरी आणि नारळाची शेंडी घेऊन समईच्या दांड्यावरच्या कंगोऱ्यांत शिरले आणि मी खुर्ची ओढून, पुस्तक मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसलो. बऱ्याच वेळाने एका कंगोऱ्यातून पिवळा रंग डोकावला.

"बाबा, हे घासणं कोणत्या अभिक्रियेत येतं?" त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसत विचारले.

"ही अभिक्रिया नाही. याला भौतिक बदल म्हणतात. तो तुम्हाला प्राथमिक शाळेतच होऊन गेला."

त्यांनी दुसरी समई हळूच माझ्याकडे सरकवून पाहिली. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि पुढच्या धड्यातला एक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला.