काँक्रीट गुदमरत नाही

कोल्हापुरात पावसाळा तोंडावर आला की हा मेसेज फिरतो: ‘तळमजल्याच्या काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद घालू नका, काँक्रीट गुदमरतं. सहा इंच जाड ओता. तरी ओल आलीच तर वरून एपॉक्सी (पाणी न झिरपणारा राळेचा लेप) मारा, खिडक्या उघड्या ठेवा.’

काँक्रीट घट्ट होतं ते पाण्यामुळे, हवेमुळे नव्हे. त्यामुळे गुदमरायचा प्रश्नच नाही. एक मात्र खरं, खाली कागद असला की काँक्रीटमधलं जादा पाणी खाली मुरत नाही, वर येतं. माल पातळ असेल तर लादीचे, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटच्या थराचे, कोपरे उचलतात. त्यावर इलाज कागद काढणं नाही. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला वाळूतलं धरून २५ लिटरच्या आत पाणी ठेवा आणि वरचं पाणी उडाल्याशिवाय थापी फिरवू नका. कागद किमान २५० मायक्रॉनचा, जोडावर १५ सेंमी चढवून टेप मारलेला, कडेला डीपीसीपर्यंत (भिंतीतल्या ओल अडवणाऱ्या थरापर्यंत) वळवलेला हवा. त्यावर वाळू पसरायची नाही. ती पाणी धरून बसते आणि महिनोन्‌महिने वर सोडत राहते.

जाडीनं ओल थांबत नाही, उशिरा येते एवढंच. चार इंच पुरे. उरलेला पैसा खडीत घाला. मुरमातले बारीक कण दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतात, खाली काळी माती असली तर विचारूच नका. म्हणून मुरमावर चुरा नसलेली २० मिमी खडी, १० सेंमी. तिची टोकं कागदाला भोसकू नयेत म्हणून वर पीसीसीचा (सळया नसलेल्या साध्या काँक्रीटचा) पातळ थर, मग कागद.

एपॉक्सीखाली ओल अडकली की फोड येतात. आधी ४५ सेंमीचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपनं चिकटवून २४ तास ठेवा. आत थेंब आले तर पाणी काँक्रीटमधून येतंय. नवं काँक्रीट क्युरिंगनंतर (पाणी मारून ओलं ठेवण्याचे दिवस संपल्यावर) दर २५ मिमीला साधारण महिनाभर सुकतं, पावसाळ्यात जास्तच.

थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला आले तर फरशी हवेतल्या दमटपणानं घामेजतेय. २६ अंशांच्या, ९० टक्के दमट हवेतलं पाणी २४ अंशांच्या फरशीवर साचतं. अशा दिवशी खिडकी उघडणं म्हणजे पाहुणा बोलावणं. थंड देशांत लादीखाली फोमच्या पाट्या घालतात, त्याचं एक कारण हेही.

२०१९ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलं तसलं पाणी मात्र कागद अडवत नाही. आणि पुरानंतर खाली कागद असलेली लादी फक्त वरूनच सुकते, तेव्हा नवं फर्निचर ठेवण्याआधी तोच चौकोन पुन्हा चिकटवा.