गोचिडीला चटका द्यायला सांगणारा तो मेसेज
परवा नागपुरातच दाभ्याला मावशीकडे गेलो तर तिचा पाच वर्षांचा नातू कानामागे हात धरून रडत होता. पाहिलं तर कानाच्या मागच्या घडीत मिरीएवढी राखाडी गोचीड तशीच रुतलेली, आणि बाजूला कातडीवर उदबत्तीचा लाल डाग. मावशी म्हणे, "अरे ग्रुपवर आलं होतं ना, चटका दिला की सोडते म्हणून."

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवरून आला. म्हणणं असं, की गोरेवाड्याच्या जंगलातली हरणं-माकडं शहरात गोचीड ताप आणून राहिली, हा माकडताप आहे, व्हायरस आहे, म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका, पपईच्या पानांचा रस प्या, पेशंटच्या जवळ जाऊ नका, गोचीड दिसली की रॉकेल टाका नाहीतर चटका द्या, आणि लेआउटमागचं गवत जाळून टाका.

आधी अँटिबायोटिकचं घेतो, कारण याच्यात जीव जातो. माकडताप व्हायरसचा आहे, मान्य. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आपल्या राज्यात सिंधुदुर्गात दोडामार्गकडे त्याचे पेशंट मिळालेत. आणि त्यात माकडं स्वतःच पटापट मरतात, त्यांना गुन्हेगार कसं ठरवता? पण गोचिडीमुळे येणारा प्रत्येक ताप म्हणजे माकडताप नाही. इंडियन टिक टायफस हाही गोचिडीचाच ताप, पण तो रिकेट्सिया नावाच्या बॅक्टेरियाने होतो. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्या नागपुरात ज्याने माणसं दगावली तो स्क्रब टायफस त्याच घराण्यातला, फक्त तो गोचिडीने नाही तर तिच्याहून कितीतरी बारीक माइटच्या पिल्लाच्या चाव्याने होतो. दोन्हींवर डॉक्सीसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक चालतं, जुनं, स्वस्त औषध आहे, साध्या मेडिकलमध्येही असतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत रिकेट्सियाच्या आजारांवर, त्यात डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंय की संशय आला की लॅबच्या रिपोर्टसाठी थांबू नका, औषध सुरू करा, गरोदर बाई असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन द्या. एवढी घाई काहून? कारण हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातच घर करतो, उशीर झाला की फुफ्फुस, किडनी, मेंदू सगळीकडे पोचतो. अशा वेळी चार दिवस पपईचा रस पीत घरी बसायचं?

आता चटका. या तापांत डॉक्टर चावल्याची एक खूण शोधतात, काळी खपली, हुबेहूब सिगारेटने भाजल्यासारखी. ती काखेत, जांघेत, कानामागे अशी लपलेली असते आणि बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून पेशंट स्वतः सांगत नाही. आणि आपण नेमकं तिथंच उदबत्तीने भाजून ठेवतो! उद्या पोराला ताप आला तर डॉक्टरने ओळखायचं काय? शिवाय चटक्याने किंवा रॉकेलने गोचीड चवताळते, तिची लाळ उलट जखमेत जाण्याची भीती, आणि जंतू त्या लाळेतच असतात. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी चिकटून पकडा, पिळू नका, सरळ वर सावकाश ओढा, मग साबणाने धुवा. बोटांनी चिरडू नका.

राहिली हरणं. अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. हे जंतू रानातल्या प्राण्यांत आणि गोचिडीत वर्षानुवर्षं फिरत असतात, हरणाच्या अंगावर गोचिड्या असतात, यात वाद नाही. पण अंगावर गोचीड असणं वेगळं आणि जंतूचा साठा असणं वेगळं. अमेरिकेतल्या गोचिडीनेच पसरणाऱ्या लाइम रोगाचं घ्या, तिथं हरणं मोठ्या गोचिड्यांना रक्त पुरवतात पण त्यांना जंतू देत नाहीत, तो देतो मुख्यतः पांढऱ्या पायाचा छोटा उंदीर. आणि टिक टायफसमध्ये तर जंतू गोचिडीच्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो, ती स्वतःच साठा. तो पसरवणाऱ्यांत मुख्य म्हणजे कुत्र्यावरची तपकिरी गोचीड, तिला जंगल लागतच नाही, भिंतीच्या भेगेत अंडी घालते. मागचं गवत जाळून तिला काय होणार? उंदीर मात्र घराकडे पळतील, आणि स्क्रब टायफसची माइट पोसतात ते उंदीरच.

पेशंटजवळ जाऊ नका म्हणणं तर निव्वळ क्रूरपणा आहे, टिक टायफस किंवा स्क्रब टायफस माणसाकडून माणसाला असा लागत नाही.

पोराची गोचीड मी चिमट्याने काढली, मावशीने कॅलेंडरवर तारीख लिहिली, दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख दाखवून डॉक्टरला सांगायचं की गोचीड चावली होती, आणि हेही सांगायचं की डाग उदबत्तीचा आहे. मग ओसरीवर गेलो, त्यांचा मोती झोपला होता, पुढचा पंजा उचलून बोटं फाकवली तर आत चार गोचिड्या, आणि तो टेकतो त्या भिंतीच्या भेगेत अजून. सकाळी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलंय, भेग बुजवायला मावसभाऊ सिमेंट घेऊन येतोय.