‘कॉलेजच्या पोरांना कसलं आलंय टेन्शन?’

कोरोनाचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: पोरं लॉकडाऊनमध्ये घरी बसून मोबाईल खेळली, फुकट पास झाली, आम्ही बहात्तरचा दुष्काळ काढला, आम्हाला नाही टेन्शन आलं, शेतात जुंपलं असतं तर ही थेरं सुचली नसती.

‘फुकट पास’ हे अर्धसत्य आहे. खालच्या वर्गांना परीक्षा न घेता वर चढवलं, पण शेवटच्या वर्षाचं काय? परीक्षा नको, असं राज्य सरकार म्हणत होतं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 6 जुलै 2020 ला ती घ्यायला सांगितली आणि 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तोवर पाच महिने पुस्तक उघडायचं की कामधंदा शोधायचा, हेच ठरेना. अवघड पेपरचा अभ्यास करता येतो. तारीखच नसेल तर मन रात्रंदिवस तिथंच घुटमळतं. एमपीएससीवाल्यांचे हाल तर विचारूच नका. 14 मार्च 2021 ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली.

मोबाईलचं म्हणाल, तर तोच वर्ग होता. एखाद्या पोरीच्या घरात एकच फोन, तोही बापाचा. रेंजसाठी गच्चीवर जायचं, भर उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन लेक्चर ऐकायचं, आणि खाली घरात स्थळाची बोलणी चाललेली. दुसरीचे ऊसतोडीला गेलेले मायबाप एप्रिल 2020 मध्ये परवानगी मिळेपर्यंत कारखान्यावर अडकलेले. या पोरींनी काय मजा केली, ते मला कोणीतरी सांगावं.

बहात्तरच्या पिढीला त्रास झाला नाही, हे मला बिलकुल पटत नाही. झोप उडणं, छातीत धडधडणं, अन्नावरची वासना जाणं तेव्हाही होतं. त्याला ‘बाहेरचं’ म्हणायचे आणि देवऋषाकडे न्यायचे. 1993 मध्ये किल्लारीचा भूकंप झाल्यावर मानसोपचार तज्ज्ञांनी गावागावांत जाऊन लोकांच्या मनाची अवस्था तपासली, ती उगाच नाही.

शेतातल्या कामाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, पण अर्धाच. अंग घामेजलं की झोप लागते, हे खरंच. अनेक पोरांना त्याचा आधार झाला. तसाच आधार ठरावीक वेळी उठण्याचा, बातम्या दिवसातून एकदाच बघण्याचा, मित्राला रोज फोन करण्याचा झाला. पण स्वतःहून खुरपं हातात घेणं वेगळं आणि ‘थेरं करतोस’ म्हणून जुंपलं जाणं वेगळं. असं जुंपल्यानं पोरगं फक्त गप्प होतं. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर खुरपणीनं भागत नाही. त्यासाठी संभाजीनगरच्या घाटी आणि अंबाजोगाईच्या स्वाराती या सरकारी दवाखान्यांत मनोविकार विभाग आहेत. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पुढच्या वेळी तो मजकूर ग्रुपवर आला, तर त्याखाली हा नंबर टाका.