कडुनिंबाचा काढा, ग्रिलचा गंज आणि ते 95 टक्के

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय. कडुनिंबाचा पाला उकळा, काढा ग्रिलवर आणि स्लॅबच्या उघड्या पडलेल्या सळयांवर मारा, 95 टक्के गंज बंद, कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय वगैरे. लगेच चार जणांचे अंगठे.

95 टक्के खोटं नाहीये हो, पण ते कुठले ते तर बघा. कारखान्यात स्टीलवरची काळी खपली काढायला ते ॲसिडमध्ये बुडवतात, पिकलिंग म्हणतात त्याला, आणि ॲसिड खपलीबरोबर चांगलं स्टीलपण खातं म्हणून त्यात इनहिबिटर, म्हणजे झीज रोखणारं रसायन, घालतात. लॅबमध्ये स्टीलचा तुकडा घासून, वजन करून हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवतात, एकदा पाल्याचा अर्क घालून, एकदा न घालता, मग परत वजन. अर्कातले नायट्रोजन-ऑक्सिजनवाले रेणू स्टीलला चिकटून बसतात, झीज कमी होते, किती कमी झाली तो हा टक्का. ॲसिड तापवलं की बऱ्याच अर्कांची पकड सुटते. तुमच्या ग्रिलला कुठलं ॲसिड? तिथे खारी हवा आणि जुलैचा पाऊस, काढा पहिल्याच सरीत गटारात.

सळयांचं तर गणितच वेगळं. चांगल्या काँक्रीटचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे ॲसिडच्या अगदी उलट, त्यात सळईवर आपोआप पातळ थर बसतो तोच तिला वाचवतो. समुद्राकडचं क्लोराइड किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड आत पोचला की तो थर मोडतो, गंज फुगतो, आणि सळईच्या रेषेतच भेग पडून तुकडा खाली येतो. त्यावर काढा मारून प्लास्टर केलंत तर आत गंजणं चालूच. आणि कोणीतरी काढा सिमेंटमध्येच मिसळा म्हणालं, ते तर कहर! अर्कात साखर असेल तर सिमेंट सेटच लवकर होत नाही.

दाबून ठेवलंय म्हणे! असल्या अर्कांवर ढिगाने पेपर छापलेत. कोऱ्या चहात लोखंडी खिळा टाकून ठेवा, काळा पडेल, ते चहातल्या टॅनिन या झाडपाल्यातल्या द्रव्यामुळे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या कित्येक रस्ट कन्व्हर्टरमध्ये (गंजावर लावायच्या द्रावणात) टॅनिक ॲसिड, म्हणजे टॅनिनच असतं, म्हणजे कंपन्या ते उघड विकतायत.

संशोधन हवंच, क्रोमेटसारखे (क्रोमियमचे क्षार) जुने इनहिबिटर कॅन्सरकारक आहेत. पण प्रत्येक पाल्याचा अर्क वेगळा उतरतो, ठेवला तर बुरशी धरते, अडलंय ते इथे.

तोवर ग्रिल वायर ब्रशने घासून प्रायमर मारा, सळयांचं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि तो पातेलंभर काढा कमिटीच्या खर्चात लावू नका.