फार लाड न मागणारे झाड

नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या घराची गॅलरी पश्चिमेकडे तोंड करून आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तिथे माणूस उभा राहू शकत नाही, आणि डिसेंबरच्या पहाटे तिथे उभे राहण्याची कोणाची इच्छा नसते. अशा जागी चार कुंड्या मांडाव्यात आणि त्यांत वर्षानुवर्षे टिकणारी, बऱ्यापैकी फुलणारी आणि आपल्याकडे फारसे काही न मागणारी झाडे लावावीत, असा ठराव घरात एकमताने संमत झाला. आमच्यातले एकमत तिथेच संपले.

आईचे म्हणणे असे की, जे फूल देवाला वाहता येत नाही त्याला पाणी घालण्यात अर्थ नाही. पत्नीची अट अशी की, पाकळ्यांचा कचरा खालच्या मजल्यावरच्या काकांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर पडता कामा नये, कारण त्या शर्टांवरून यापूर्वीच सोसायटीच्या सभेत पुरेशी चर्चा झालेली आहे. माझी अट एवढीच होती की, मे महिन्यात आठवडाभर गावी जाऊन आल्यावर झाड जिवंत भेटावे. सुटी सुटी पाहिली तर यांतली एकही अट अवास्तव नाही.

मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत असत, त्यामुळे गुलाबाचे नाव सर्वांत आधी निघणे क्रमप्राप्तच होते. परंतु गुलाबाला दसऱ्याच्या सुमारास छाटणी लागते, पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळे ठिपके येतात, कळ्यांना फुलकिडे लागतात, आणि छाटलेली फांदी शेंड्याकडून वाळत खाली येऊ लागली की तिच्या मागे कात्री घेऊन धावावे लागते. शेजारच्या दिंडोरी तालुक्यात विक्रीसाठीचे गुलाब पॉलिहाऊसमध्ये वाढवतात. ज्या फुलाला राहायला स्वतंत्र घर लागते, ते आमच्या गॅलरीत गुण्यागोविंदाने नांदेल अशी आशा मी तरी धरली नाही.

गंगापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीचे मालक मात्र आशावादाचे आगर होते. ज्या झाडाकडे बोट दाखवावे ते त्यांच्या मते ‘एकदम बिनकटकटीचे’ असे. मोगऱ्याविषयी विचारले तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि त्याच दमात त्यांनी सांगितले की हिवाळ्यात पाणी तोडायचे, थंडी सरता सरता छाटणी करायची, मग खत द्यायचे, आणि ऊन पुरेसे मिळाले तर उन्हाळ्यात फुले येतील. जास्वंदही बिनकटकटीचीच होती; फक्त तिच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा मिलीबग दिसला की साबणाचे पाणी आणि कडुनिंबाचे तेल फवारत राहायचे होते. ‘अहो, मग कटकट कशाला म्हणतात?’ असे मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले.

माझे मन खरे तर बोगनवेलीवर जडले होते. दक्षिण अमेरिकेतल्या या वेलीला बूगँव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव मिळाले आहे, आणि तिचा स्वभाव माझ्यासारख्या आळशी माणसासाठीच घडवलेला आहे. तिला भरपूर पाणी दिले तर ती नुसती पाने वाढवते आणि तहानलेली ठेवली की रंगांनी भरून जाते. ज्यांना आपण फुले म्हणतो ती तिची रंगीत पाने असतात. खरे फूल त्यांच्या मधोमध इवलेसे, पांढरट आणि कोणाच्याही लक्षात न येणारे असते. ही माहिती मी घरात उत्साहाने सांगितली आणि तिथेच घात झाला. ‘म्हणजे ते फूलच नव्हे,’ असे म्हणून आईने तिला देवघराच्या यादीतून काढले, आणि तो रंगीत कागदी पाचोळा वाऱ्याबरोबर कोठे उतरेल हे पत्नीने कठड्यावरून खाली वाकून मला प्रत्यक्ष दाखवले.

त्यानंतर मी दुर्लक्ष सोसणाऱ्या झाडांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. कण्हेर, अडेनियम, तगर, देवचाफा आणि सदाफुली ही सगळी एकाच कुळातली निघाली. त्यांच्या अंगात चीक असतो, त्यांतली बरीचशी विषारी असतात, आणि म्हणून शेळीदेखील कण्हेरीच्या वाटेला जात नाही. सदाफुली तर मूळची मादागास्करची आहे, आणि तिच्यातून मिळणारी व्हिंक्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही द्रव्ये कर्करोगावरच्या उपचारात वापरतात. अडेनियमचे खोड पाणी साठवून फुगते. त्याला उपासमार मानवते, पण प्रेमाने रोज पाणी घातले की ते मुळाशी कुजते. थोडक्यात, ज्या झाडांना माणसाची गरज नाही, त्यांनी माणसापासून स्वतःचा बचाव करण्याची तजवीजही करून ठेवलेली आहे.

अबोलीवर सगळे राजी झाले होते. तेवढ्यात कोणी तरी थंडीची आठवण काढली. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, आणि तिकडचे बागायतदार द्राक्षे वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवतात. अबोलीलाही कडाक्याची थंडी सोसत नाही. तिसऱ्या मजल्यावर शेकोटी पेटवण्यास सोसायटी परवानगी देईल का, या प्रश्नावर ती चर्चा थांबली.

मातीच्या बाबतीत मात्र वाद झाला नाही. आपली काळी माती कुंडीत एकटी घातली तर पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू, कोकोपीट आणि गांडूळखत मिसळायचे आणि तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा, हे सर्वांना मान्य होते.

अखेरीस देवाला चालते म्हणून तगर, कात्रीची फारशी भीती नसलेली कोरांटी, घरातल्या शांततेसाठी जास्वंद, आणि माझ्या अटीला पुरून उरणारी एकमेव उमेदवार म्हणून सदाफुली, अशी चार रोपे आम्ही विकत आणली. ती गाडीतून उतरवत असताना आईने सदाफुलीकडे पाहिले, मग पार्किंगच्या भिंतीकडे पाहिले. भिंतीच्या फटीत, माती नाही, खत नाही, कोकोपीट नाही अशा ठिकाणी, तीच गुलाबी सदाफुली भरभरून फुललेली होती.

‘हिला पाणी कोण घालते हो?’ असे मी वॉचमनला विचारले.

‘पाणी कोण घालतंय साहेब,’ तो म्हणाला, ‘दर दिवाळीच्या सफाईला उपटून टाकतो, तरी परत येते.’